कापू नका, सांगून दाखवा : केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : अमेरिकी मूक विनोदपटांतील वर्णद्वेषी चित्रण आणि बालप्रेक्षक

सन्माननीय मंत्रिमहोदय,

शाळेचा उन्हाळी उपक्रम असो, ग्रंथालयाचा बालमेळावा असो किंवा फिल्म सोसायटीचा महोत्सव, जुने अमेरिकी मूक विनोदपट हा आयोजकांचा हुकमी एक्का असतो. भाषेची अडचण येत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत खेळ आटोपतो आणि मुख्य म्हणजे पैसे पडत नाहीत, कारण आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतात आणि १९२० च्या दशकातील लघुपट कोणालाही दाखवता येतात. एका फिल्म सोसायटीचा कार्यकर्ता म्हणून मीही ते दाखवत आलो आहे आणि पुढेही दाखवणार आहे. तेव्हा हे पत्र बंदीच्या मागणीसाठी नाही, एवढे आरंभीच नमूद करतो.

अमेरिकी विनोदवीर हॅरल्ड लॉइड यांचा १९२० चा ‘हॉन्टेड स्पूक्स’ हा लघुपट घ्या. वारसाहक्काने मिळालेल्या वाड्यात नवविवाहित जोडपे राहायला येते आणि त्यांना हुसकावण्यासाठी एक नातेवाईक भुताटकीचे सोंग रचतो. घाबरतात सगळेच, पण लॉइडच्या भीतीला काही कारण दिलेले असते, तर घरातील कृष्णवर्णीय नोकरांची भीती हा जणू त्यांचा जन्मस्वभाव असतो. डोळे गरागरा फिरतात, गुडघे एकमेकांवर आपटतात. एक लहान मुलगा पिठाच्या पिंपातून पांढराफटक होऊन बाहेर येतो आणि त्याला पाहून बाकीचे पळत सुटतात. या प्रसंगाला आपल्याकडची मुले सर्वांत मोठ्याने हसतात. त्यांचा त्यात काडीचाही दोष नाही. प्रसंग रचला आहेच तितका नेमका, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

ही रीत लॉइड यांनी शोधून काढलेली नव्हे. १८३० च्या सुमारास अमेरिकेच्या रंगभूमीवर गोऱ्या नटांनी जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या माणसांची नक्कल करण्याचा धंदा सुरू केला आणि सिनेमा जन्माला आला तेव्हा त्याला ते सारे साचे आयते मिळाले. भुताला भिणारा, कलिंगडावर तुटून पडणारा, कोंबड्या चोरणारा, कामचुकार असा तो माणूस. एडिसन कंपनीच्या १९०३ मधील ‘व्हॉट हॅपन्ड इन द टनेल’ या जेमतेम मिनिटभराच्या चित्रपटात आगगाडीतील एक गृहस्थ शेजारच्या गोऱ्या तरुणीशी लगट करू पाहतो. बोगदा येतो, अंधार होतो आणि उजेड झाल्यावर कळते की त्याने चुंबन घेतले आहे तिच्या काळ्या मोलकरणीचे. दोघी हसतात, तो वर्तमानपत्रामागे तोंड लपवतो. त्या बाईचे चुंबन घेणे हीच नामुष्की, एवढाच त्यातील विनोद आहे. बस्टर कीटन यांच्यासारखा, माझ्या मते त्या काळातील सर्वांत बुद्धिमान विनोदवीरही ‘द प्लेहाउस’मध्ये (१९२१) काजळी फासलेल्या अख्ख्या मेळ्याचे सोंग एकटाच वठवतो. त्यातील छायाचित्रणाची करामत आजही थक्क करते.

‘त्या काळी ते कोणाला खटकत नव्हते’ असे उत्तर यावर हमखास मिळते. ते खरे नाही. शिकागोत एबनी फिल्म कंपनी कृष्णवर्णीय नटांना घेऊन विनोदी लघुपट काढत असे. तिच्या चित्रपटांतील हीन चित्रणावर ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रातून १९१७ मध्येच टीका झाली होती. ज्यांना खटकत होते ते बोलत होते, फक्त ते मोठ्या स्टुडिओंच्या हिशेबात नव्हते. आपल्याकडेही १९२० पासून मुंबईत सेन्सॉर मंडळ होते आणि पडद्यावर बहुतांश चित्रपट अमेरिकी असत, परंतु त्या चित्रपटांबद्दल ब्रिटिश राज्यकर्त्यांना घोर लागला होता तो भारतीय प्रेक्षकांसमोर गोऱ्यांची, विशेषतः गोऱ्या स्त्रियांची, प्रतिमा मलिन होण्याचा.

मग कात्री का लावू नये? कारण ती लावली की प्रथम नाहीसे होतात ते कृष्णवर्णीय नटच. ‘हॉन्टेड स्पूक्स’मधील पिठाने माखलेला मुलगा म्हणजे अर्नी मॉरिसन, निर्माते हॅल रोच यांच्या स्टुडिओचा बालकलाकार, जो पुढे १९२२ पासून निघालेल्या ‘अवर गँग’ मालिकेतही झळकला. काळी-गोरी मुले एकत्र खेळताना दाखवणारी ही मालिका वर्णभेदाने विभागलेल्या त्या अमेरिकेत वेगळीच होती, आणि तरीही तिच्यात चिंध्यांनी बांधलेल्या वेण्यांच्या फरीना या कृष्णवर्णीय बालपात्राला भुताला भिण्याचे काम चुकले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मुलांना सांगता येतात.

अमेरिकेतील प्रेक्षकाला या चित्रांमागचा इतिहास थोडाफार तरी ठाऊक असतो. आपल्या तालुक्याच्या गावातील मुलाला तो इतिहास मिळत नाही, फक्त चित्र मिळते. काळ्या माणसाशी त्याची ही पहिलीच भेट असू शकते, आणि पुण्या-मुंबईत शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना रस्त्यात कोणत्या नजरा झेलाव्या लागतात, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही.

आपल्या मंत्रालयाला यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. ऑनलाइन प्रसारणासाठीच्या २०२१ च्या नियमांत चित्रपटाचे वर्गीकरण करताना जात, वंश, लिंग, धर्म इत्यादींवर आधारित भेदभावाचा विचार व्हावा, असे म्हटलेलेच आहे. हे लघुपट ‘सर्वांसाठी’ या शिक्क्यासह येतात तेव्हा त्या तरतुदीचा अर्थ लावून वर्णद्वेषी चित्रणाचा स्पष्ट उल्लेख शिक्क्याबरोबर करण्याची सूचना आपण प्रसारकांना द्यावी. ‘जुन्या काळातील चित्रण’ असे गुळमुळीत शब्द नकोत.

दुसरी विनंती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाबाबत आहे. १९६४ पासून चित्रपट जपणाऱ्या आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या या संस्थेने नेहमी दाखवल्या जाणाऱ्या मूक विनोदपटांसाठी मराठी, हिंदी आणि अन्य भाषांत दोन-तीन मिनिटांची बोलकी प्रस्तावना तयार करून शाळांना व फिल्म सोसायट्यांना विनामूल्य द्यावी. सोबत एक जोडचित्रपटही सुचवावा. माझी शिफारस बर्ट विल्यम्स यांच्या चित्रपटाची आहे. न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर गाजलेला हा कृष्णवर्णीय विनोदवीर स्वतःच्याच चेहऱ्यावर काजळी फासून काम करत असे. १९१३ मध्ये त्याला घेऊन चित्रित झालेला आणि अपुराच राहिलेला एक चित्रपट न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने जुन्या रिळांतून जुळवून २०१४ मध्ये लोकांसमोर आणला. त्यात काजळी आहे ती एकट्या विल्यम्सच्या तोंडावर; भोवतालची कृष्णवर्णीय मंडळी नीटनेटक्या कपड्यांत जत्रेला जातात, फिरत्या घोड्यांवर बसतात, आणि अखेर प्रेयसी त्याचे चुंबन घेते तेव्हा कोणाचीही नामुष्की होत नाही. तो आणि बोगद्याचा मिनिटभराचा चित्रपट लागोपाठ दाखवले, तर शिक्षकाला फारसे बोलावेही लागणार नाही.

मराठी प्रस्तावनेचा मसुदा लिहून देण्यास मी आणि माझे सहकारी तयार आहोत. मानधनाची अपेक्षा नाही. पुढील उन्हाळी सुटीच्या आत याबाबत निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
फिल्म सोसायटीचा एक कार्यकर्ता, पुणे