पासबुकात न दिसणारा डिव्हिडंड

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै जवळ आला की आपल्या अर्थविषयक पानावर रिटर्न भरण्याबद्दल लेख येतात, चांगले असतात, मी कापून ठेवतो. पण म्युच्युअल फंडाचा डिव्हिडंड हातात न घेता परत त्याच फंडात गुंतवला तर घरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे तो लिहायचा कसा, यावर एकदाही काही वाचलेलं आठवत नाही. मी नौपाड्यात राहतो, सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या रिटायर्ड मंडळींचे हिशोब कॉम्प्युटरवर मांडून देतो (मानधन चहा), कोणी ग्नूकॅश वापरतं, कोणाकडे जुनं क्विकन आहे, कोणाचं आपलं एक्सेल, आणि हल्ली मोबाईलवरची अॅप. सॉफ्टवेअर कुठलंही असो, गाडी याच एन्ट्रीला अडकते.

कारण सोपं आहे. शेअरचा डिव्हिडंड सरळ बँकेत येतो, पासबुकात कंपनीचं नाव दिसतं, माणूस उत्पन्न म्हणून लिहितो आणि मोकळा होतो. रिइन्व्हेस्टमेंटमधे पैसा बँकेला शिवतच नाही, नुसता मेसेज येतो की इतके युनिट जमा झाले, मग कोणी ते बोनस समजून शून्य किमतीला टाकतं, कोणी बचत खात्यातून नवीन खरेदी दाखवतं आणि मग बँकेचा बॅलन्स जुळेना म्हणून एक ‘अॅडजस्टमेंट’ची एन्ट्री ठोकून देतं, आणि बरेच जण तर काहीच करत नाहीत, वर्षाअखेरीला युनिटचा आकडा बदलला की झालं.

खरं तर एकाच दिवशी दोन व्यवहार झालेले असतात. तुम्हाला उत्पन्न मिळालं, आणि त्याच पैशातून तुम्ही युनिट विकत घेतले. दोन्ही लिहायला हवेत.

आकडे घेऊन बघू, नाहीतर हे डोक्यावरून जातं. समजा 25 रुपये एनएव्हीला (म्हणजे एका युनिटच्या किमतीला) 10 लाख टाकले, 40,000 युनिट मिळाले. पुढे फंडाने युनिटमागे 2 रुपये डिव्हिडंड दिला, म्हणजे 80,000. एका फंड हाऊसकडून वर्षाला 10,000 च्या वर डिव्हिडंड झाला की 10 टक्के टीडीएस कापतात (ही मर्यादा 1 एप्रिल 2025 च्या आधी 5,000 होती), म्हणजे 8,000 गेले, राहिले 72,000. त्यावर 0.005 टक्के स्टॅम्प ड्युटी, 1 जुलै 2020 पासून लागते, ती 3 रुपये 60 पैसे. डिव्हिडंड दिल्यावर एनएव्ही 30 वरून 28 वर आली, म्हणून 71,996.40 भागिले 28, बरोबर 2,571.300 युनिट. आता ग्नूकॅशमधे एन्ट्री एकच, पण स्प्लिट करून, म्हणजे अनेक खात्यांत विभागून: डिव्हिडंड उत्पन्नाच्या खात्यात 80,000, ‘टीडीएस भरलेला’ या नावाच्या मालमत्तेच्या खात्यात 8,000, आणि फंडाच्या खात्यात 2,571.300 युनिट 72,000 ला. ते तीन रुपये साठ पैसे वेगळे लिहायचे तर लिहा, मी त्यात वेळ घालवत नाही. बँकेचं खातं या एन्ट्रीत कुठेच नाही, आणि नसायलाच हवं.

इथे लोक 80,000 च्या जागी 72,000 उत्पन्न लिहितात, कारण युनिट तेवढ्याचेच आलेत. पण इन्कम टॅक्सच्या एआयएसमधे (खात्याकडे असलेल्या तुमच्या उत्पन्नाच्या वार्षिक यादीत) 80,000 दिसणार, टॅक्स 80,000 वर तुमच्या स्लॅबने लागणार, आणि त्यातून हे 8,000 वजा होणार. टीडीएस म्हणजे खर्च नाही, आधीच भरलेला टॅक्स आहे, रिफंडसुद्धा मिळू शकतो.

शून्य किमतीला टाकलं तर काय बिघडतं? समजा दोन वर्षांनी एनएव्ही 35 ला गेली आणि सगळे युनिट विकले, 14 लाख 90 हजारच्या आसपास आले. खरी खरेदी किंमत 10,72,000, सॉफ्टवेअर दाखवणार 10 लाख. म्हणजे 72,000 चा नफा उगाच फुगला, इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सव्वा लाखाच्या वर 12.5 टक्के, म्हणजे 9,000 आणि वर सेस. ज्या पैशावर डिव्हिडंड म्हणून टॅक्स भरला त्यावरच परत टॅक्स, आणि तोही स्वतःहून!

उलट ज्यांनी नवीन खरेदी म्हणून टाकलं त्यांचा टॅक्स कदाचित जुळेल, पण एक्सआयआरआर, म्हणजे गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा, पडतो, कारण सॉफ्टवेअरला वाटतं तुम्ही खिशातून आणखी 72,000 घातले. मग चांगला फंड नालायक ठरतो आणि गोखले रोडवर कॉफी पिताना चारचौघांत त्याला शिव्या बसतात.

तारीखही महत्त्वाची आहे. रिइन्व्हेस्ट झालेले युनिट त्या दिवशी घेतलेले धरतात, मूळ गुंतवणुकीच्या दिवशी नाही. सगळा फंड 2019 चा म्हणून विकायला जावं आणि शेवटचे काही युनिट चार महिन्यांपूर्वीचे निघावेत, वर्ष न झालेले म्हणून त्यांच्या नफ्यावर (इक्विटी फंडात) 20 टक्के टॅक्स. लिक्विड फंडाचा (थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या फंडाचा) रोजचा डिव्हिडंड असेल तर मात्र हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नका, रोज दीड-दोन रुपयांची एन्ट्री कोण करणार, फाइल इम्पोर्ट करा.

जुनं रेकॉर्ड काढणाऱ्यांनी तीन तारखा लक्षात ठेवाव्यात. 31 जानेवारी 2018 पर्यंत आलेल्या इक्विटी युनिटना त्या दिवशीच्या एनएव्हीचा फायदा मिळतो (मूळ किमतीपेक्षा ती जास्त असेल तर नफा काढताना साधारण तीच खरेदी किंमत धरतात), नंतरच्यांना नाही. 31 मार्च 2020 पर्यंतचा फंडाचा डिव्हिडंड आपल्या हातात करमुक्त होता, पण म्हणून त्या युनिटची खरेदी किंमत शून्य होत नाही, ती धरायचीच. आणि 1 एप्रिल 2021 पासून सेबीच्या आदेशाने या डिव्हिडंड ऑप्शनचं नाव आयडीसीडब्ल्यू (इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल) झालं, स्कीम तीच आहे, सॉफ्टवेअरमधे दुसरं खातं उघडू नका. हा सगळा तपशील कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपन्यांकडून पहिल्या दिवसापासूनचं डिटेल्ड स्टेटमेंट मागवलं की ईमेलवर फुकट येतो, समरी मागवू नका, तिच्यात नुसता शेवटचा आकडा असतो.

अॅपवाल्यांबद्दल काय बोलावं. एका अॅपमधे हेच स्टेटमेंट अपलोड केलं तर रिइन्व्हेस्टमेंटची ओळ नुसती खरेदी म्हणून आली, उत्पन्नाच्या बाजूला भोपळा. कस्टमर केअरला लिहिलं तर म्हणे व्हॅल्यू बरोबर दिसतेय ना. अहो, व्हॅल्यू काय, युनिट गुणिले एनएव्ही, ती पाचवीतला मुलगाही काढेल. स्टेटमेंटमधे डिव्हिडंड, टीडीएस, स्टॅम्प ड्युटी सगळं असताना तीन खाती भरायला काय हरकत आहे? आपल्या पानावर एखाद्या सीएकडून अशी एक एन्ट्री आकड्यांसकट छापून आणली तर अर्ध्या ठाण्याची सोय होईल.

काही जण म्हणतील एवढी कटकट कशाला, ग्रोथ ऑप्शनच घ्यावा, त्यात डिव्हिडंड देतच नाहीत, नफा एनएव्हीतच राहतो. नवीन पैसे टाकताना मीही तेच सांगतो. पण जुन्या रिइन्व्हेस्टमेंटमधून ग्रोथला स्विच करणं ही कायद्याने विक्रीच आहे, त्यावर नफ्याचा टॅक्स लागतो, आणि तो काढायला आधी वरच्या सगळ्या एन्ट्र्या बरोबर असाव्या लागतात.

आपला,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (प.)