चतुर्थीला येत नाही, म्हणून हे पत्र

॥ श्री ॥

पातोंग, फुकेत
रविवार, २२ ऑगस्ट २०२१, नारळी पौर्णिमा

ती. आई आणि ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी सुखरूप आहे. ताप नाही, खोकला नाही, पोटाचं दुखणं वर्षभरात उलटलेलं नाही. लशीचे दोन्ही डोस जूनमध्येच झाले. हे आधी लिहितो, कारण एवढं ऐकल्याशिवाय आई पुढचं ऐकायची नाही. बाय, तू तिची लेक जवळ आहेस, तिला हे मोठ्याने वाचून दाखव. फोनवर आपण रोज बोलतो, पण "जेवलास?" आणि "हो, जेवलो" याच्या पुढे बोलणं जात नाही. काही गोष्टी सांगायला गेलो की माझा घसा दाटतो. म्हणून बसून लिहिलं आणि पानांचे फोटो तुझ्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय.

आज सकाळी पातोंगच्या किनाऱ्यावर जाऊन दर्याला नारळ दिला. इथला समुद्रही पश्चिमेला, पाऊसही याच दिवसांत, आणि खवळलेल्या पाण्यात कुणी उतरू नये म्हणून वाळूत लाल बावटे रोवलेले. हात जोडताना क्षणभर वाटलं, मागे वळलो तर आपलं बंदर दिसेल. मागे बंद हॉटेलांची रांग होती. एवढ्या लांब वाळूवर मी, दोन कुत्रे आणि जाळं झाडणारा एक म्हातारा, एवढेच. दोन वर्षांपूर्वी इथे टॉवेल पसरायला जागा मिळत नसे.

बाबा परवा म्हणाले, "टीव्हीवर तर दाखवलं की फुकेत उघडलं, मग तुमचं हॉटेल का चालत नाही?" बाबा, तुम्हाला वाटलं असेल की मी काम सोडून बसलोय. तसं नाही. नीट सांगतो.

२०१९ साली थायलंडमध्ये जवळजवळ ४ कोटी परदेशी माणूस आला, त्यात आपले भारतीय २० लाखांच्या आसपास. तेव्हा आमच्या किचनला श्वास घ्यायला सवड नव्हती. फी-फी बेटाच्या बोटी परतल्या की सुरतचे, इंदूरचे, नागपूरचे ग्रुप एकदम आत शिरायचे. रंगाच्या, सिमेंटच्या कंपन्या आपल्या डीलरांना फिरायला आणायच्या, शंभर-दीडशे माणूस एका पंगतीला. कांदा-लसणाची ग्रेव्ही एका टोपात, जैन ग्रेव्ही दुसऱ्यात, दोन्ही टोपं सकाळी सातलाच चढायची. मग मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. ४ एप्रिलला परदेशी विमानं बंद, १० एप्रिलला फुकेतचा विमानतळच बंद. हे बेट मुख्य जमिनीला पुलाने जोडलेलं आहे, सरासिन पूल म्हणतात, तो त्याआधीच अडवला होता.

यंदा १ जुलैला बेट उघडलं ते खरं. लस घेतलेल्या परदेशी माणसाने यायचं, १४ दिवस याच बेटावर राहायचं, मग पाहिजे तर बँकॉककडे जायचं. त्यासाठी इथल्या ७० टक्के लोकांना आधी लस टोचून घेतली. पहिल्या दिवशी अबुधाबी, दोहा, तेल अवीव आणि सिंगापूरहून विमानं उतरली, खुद्द पंतप्रधान फुकेतला हजर होते. आम्ही हॉटेल धुऊन घेतलं, तंदूर पेटवला, मी स्वतः दोन दिवस मसाले भाजत होतो. जुलैभरात माणसं आली साधारण १४ हजार. पूर्वी तेवढी दिवस-दोन दिवसांत उतरायची. आणि ज्या देशांना परवानगी आहे त्यांच्या यादीत भारत नाही. आपल्याकडच्या दुसऱ्या लाटेमुळे मेपासून भारतातून येणाऱ्या परदेशी माणसाला हा देश घेतच नाही. आमचं गिऱ्हाईकच दाराबाहेर राहिलं. त्यात ३ ऑगस्टपासून बँकॉककडच्या माणसांनाही बेटावर बंदी. गेल्या आठवड्यात दुबईला राहणारं एक भारतीय जोडपं जेवायला आलं, तेव्हा सगळं किचन त्यांना बघायला बाहेर आलं. बाईंनी वरण-भात मागितला. मी तूप जरा जास्तच सोडलं.

हॉटेल बंद पडलं म्हणजे फक्त आम्ही बसलो असं नसतं. अंडीवाला बसला, बर्फवाला बसला, चादरी धुणाऱ्या बायका बसल्या. लांब शेपटीच्या होड्या चालवणारे, टुकटुकवाले, मसाजवाल्या, विमानतळावर पाट्या धरून उभी राहणारी पोरं, सगळी एका दिवसात घरी. पूर्वी हे बेट कथिलाच्या खाणींवर आणि रबरावर जगायचं. खाणी गेल्या तशी माणसं पाहुण्यांकडे वळली, आणि इतकी वळली की हाताशी दुसरं काही ठेवलंच नाही. सरकारने पहिल्या लाटेत हातावर पोट असलेल्यांना तीन महिने दरमहा ५,००० बाट दिले. त्या योजनेचं नाव होतं "आपण एकमेकांना टाकणार नाही", पण ती फक्त थाई लोकांना होती. आमच्याकडे भांडी घासणारा म्यानमारचा पोरगा होता, त्याला ना इथली मदत मिळाली, ना फेब्रुवारीत तिकडे लष्कराने सत्ता घेतल्यापासून घरी जायची सोय राहिली. तो आता माझ्याच खोलीत राहतो. आई, स्वच्छ मुलगा आहे, काळजी करू नको.

आता एक गोष्ट लिहायचीच आहे, कारण बाय दर वेळी व्हिडिओ कॉलवर विचारते की तुझ्या मागे ते छोटं देऊळ कसलं आणि त्यात लाल सरबताची बाटली कशाला.

ते देऊळ नाही. त्याला सान फ्रा फूम म्हणतात. फूम म्हणजे आपलीच भूमी. इथे घर, दुकान, पेट्रोल पंप, मोठं हॉटेल, काहीही बांधायचं तर आधी त्या जागेच्या मूळ मालकाला, म्हणजे तिथल्या अदृश्य राखणदाराला, वेगळं घर द्यायचं. आपण त्याची जागा घेतली, मग त्याने कुठे जायचं? म्हणून एका खांबावर बाहुलीच्या घराएवढं घर. आपल्या घराची सावली त्याच्यावर पडता कामा नये, एवढं बघून जागा ठरवतात. त्यात त्या राखणदाराची मूर्ती, लहानसे हत्ती-घोडे, फुलांचे हार. रोज सकाळी उदबत्ती आणि लाल रंगाचं गोड सोडा-सरबत. बाटलीचं झाकण उघडून आत नळी घालायची, कारण त्याला पिता आलं पाहिजे. झाकण बंद ठेवून नुसती बाटली ठेवली तर ती देण्याची रीत झाली नाही. लालच का, तर कुणी सांगतं पूर्वी रक्ताचा मान देत, त्याच्या जागी हा लाल रंग आला. कुणी सांगतं त्याला गोड आवडतं. मी पहिल्या वर्षी खूप जणांना विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं, पण ठेवायचं कुणी चुकवलं नाही. आई, तुला हे नवीन वाटायचं नाही. आपण राखणदाराला नारळ-विडी ठेवतो, तसंच. इथे विडीच्या जागी सरबत.

आमच्या घरमालकीणबाईंना मी पा म्हणतो, म्हणजे मोठी मावशी. त्यांचे वडील कथिलाच्या खाणीत होते. बाईंनी कर्ज काढून भाड्याच्या २२ खोल्या बांधल्या. बारमधल्या मुली, कूक, वेटर राहायचे. आज ३ खोल्यांत माणूस आहे. बाईंनी पाण्याची मोटर दिवसातून एकदाच लावायची ठरवलं, स्वतःची सकाळची कॉफी सोडली, अंगणातला दिवा काढला. पण ते लाल सरबत सोडलं नाही. आता रोज नवी बाटली परवडत नाही, म्हणून मोठी बाटली आणतात, काचेच्या छोट्या पेल्यात चार बोटं ओततात आणि कात्रीने नळी अर्धी कापून आत ठेवतात. उरलेली अर्धी धुऊन दुसऱ्या दिवसासाठी. मी रोज बघतो. उन्हात पेल्याला घाम येतो, मुंग्या खांबावरून रांगेने चढतात, बाई त्यांना फुंकर मारून बाजूला करतात, मारत नाहीत. माझं भाडं मागच्या एप्रिलपासून त्यांनी निम्मं केलंय. मी मागितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात इथे रस्तोरस्ती कपाटं उभी राहिली. नाव तू पन सुक. तू म्हणजे कपाट, पन म्हणजे वाटणं, आणि सुक हे आपलंच सुख. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावं, ज्याला लागेल त्याने न्यावं. आमच्या हॉटेलच्या शेठने किचन उघडून दिलं, आम्ही खिचडीची पाकिटं बांधून ठेवत होतो. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं. एक सांगितलं नव्हतं. पुढे शेठचंही थांबलं, आणि दोनदा मी त्याच कपाटातून तांदळाची पिशवी आणि अंडी आणली. रात्री गेलो होतो. बाबा, चोरी नाही केली, तिथे घ्यायलाच ठेवलेलं असतं. तरी हात थरथरला.

दादा, आता तुझ्याशी बोलतो. रागावू नको.

चिपीचा विमानतळ आज ना उद्या सुरू होईल, मुंबईचा माणूस तासाभरात मालवणात उतरेल, म्हणून कर्ज काढून न्याहारी-निवासाच्या चार खोल्या बांधायच्या, असं तुझं चाललंय. खोल्या बांध. पाहुणा येईल, तारकर्ली-देवबागला आत्तापर्यंत आलाच आहे. पण त्यासाठी होडी आणि रापणीच्या जाळ्यातला आपला वाटा विकतोस, त्याला माझा जीव घाबरतो. इथे दक्षिणेला राव्हाय म्हणून गाव आहे, तिथे समुद्रावर जगणारे जुने लोक राहतात. पर्यटक गेले तेव्हा त्यांच्याकडे पैसा नव्हता, पण जाळी होती. त्यांनी मासे मारले, वाळवले. ईशान्येकडच्या यासोथोनच्या शेतकऱ्यांकडे तांदूळ होता. तांदूळ इकडे आला, सुकी मासळी तिकडे गेली, ने-आण हवाई दलाच्या विमानाने केली. त्याच वेळी पातोंगमधले पक्क्या इमारतींचे मालक अन्नाच्या रांगेत उभे होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडेही १६ मेच्या तौक्ते वादळात आठ दिवस वीज नव्हती, पडवीची कौलं उडाली, तेव्हा घरात काय शिजत होतं आठव. आईचे सुके बांगडे आणि पेज. चाराच्या दोन खोल्या कर, कर्ज निम्मं घे, पण होडी राहू दे. तू घर सांभाळतोस आणि मी लांबून शहाणपण सांगतो, असं वहिनीला वाटेल. वाटू दे, पण विकू नको.

बाय, तुझं लग्न मार्गशीर्षात ठरतंय हे ऐकून मी त्या दिवशी अख्ख्या किचनला शिरा केला. कुडाळकडची माणसं चांगली आहेत असं बाबा म्हणतात, तर असतीलच. मी २ लाख देईन म्हणालो होतो. ते होणार नाही. ८० हजार जमलेत, पुढच्या आठवड्यात तुझ्या खात्यावर येतील. माझा पगार पूर्वी २८,००० बाट होता, गेलं दीड वर्ष १२,००० मिळतोय, मधले चार महिने तोही नव्हता. घरी पैसे कमी येत होते त्याचं कारण बँकेचा घोळ नव्हता. मी खोटं बोललो, मला क्षमा करा.

आणि आई, निघताना तू माझ्या गळ्यात घातलेली साखळी. व्हिडिओवर तू दोनदा विचारलंस, मी म्हणालो घामाने खराब होते म्हणून काढून ठेवलीय. ती मी मागच्या नोव्हेंबरात फुकेत शहरातल्या सोनाराला दिली. त्यातूनच घरी दिवाळीचे पैसे आले होते. पुन्हा करून घालीन, तुझ्याच हाताने.

मामाने आणलेलं माझं स्थळ सध्या राहू द्या. मुलीत खोट काढत नाही. निम्म्या पगाराच्या माणसाने कुणाच्या मुलीला काय सांगावं?

चतुर्थी १० सप्टेंबरला. मी येत नाही. मायदेशी माणसं नेणारी खास विमानं आहेत, तिकीटही जमवता येईल, पण आलो तर या देशात परत घेणार नाहीत, आणि कामाचा परवाना जाईल. बायच्या लग्नाआधी हे काम हातचं घालवायचं नाही, एवढाच हिशेब आहे. गणपतीवरची माटवी बांधायला दादाने या वर्षीही शेजारच्या पोरांना घ्यावं, एकट्याने चढू नये. बाबांनी गाऱ्हाणं घालताना माझं नाव घ्याल तेव्हा घरमालकीणबाईंचं पण घ्या, आणि म्यानमारच्या पोराचंही. देवाला गाव कळण्यासाठी फुकेत असं स्पष्ट म्हणा.

वहिनीला नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुमचा,
धाकटा

ता. क. पडवीची कौलं पाऊस ओसरल्याशिवाय बदलू नका, आत्ता प्लास्टिकच घाला. बाय, ८० हजारांतले ५ हजार त्यासाठी धर, पण बाबांना सांगू नको की माझे आहेत.