टिळकांना जामीन ‘मिळाला’ म्हणजे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ ऑगस्टचं टिळक पुण्यतिथीचं पान वाचलं. चांगलं झालंय. पण तेच ते दरवर्षीचं, १९०८ चा खटला, न्यायमूर्ती दावर, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. आमच्या रत्नागिरीत टिळक आळीतलं शेंबडं पोर पण हे सांगेल. आणि १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्याला दोन ओळी, त्यातही काय तर ‘नंतर जामीन मिळाला’. अहो मिळाला म्हणजे काय, रेशनच्या दुकानात मिळाला का? कोणीतरी दिला ना! मी जन्मभर कोर्टात कारकुनी केली, शेकडो जामीनकदबे (जामीनदाराने लिहून द्यायचे कागद) या हातांनी भरून घेतले, म्हणून हे वाक्य जरा जास्तच खुपलं.

तर दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी, ४ ऑगस्ट १८९७ ला.

तेव्हाचा माहोल काय होता बघा. प्लेगचं वर्ष, २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडलेली, इंग्रजी पेपर टिळकांच्या नावाने नुसते पेटलेले, नातू बंधूंना तर खटला बिटला काही न चालवता उचलून आत टाकलेलं. २७ जुलैला टिळकांना पकडलं. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टात गेले तर पार्सन्स आणि रानडे यांच्या बेंचनेही नाहीच म्हटलं. हो, आपलेच न्यायमूर्ती रानडे. (लगेच त्यांना नावं ठेवू नका, पुढे परत अर्ज करायला वाट मोकळी ठेवली होती त्यांनी.) केस सेशनला कमिट झाली (म्हणजे मॅजिस्ट्रेटने खटला चालवायला वरच्या कोर्टात पाठवली) आणि अर्ज परत गेला तो तय्यबजींपुढे. अर्ज चालवायला उभे कोण, तर बॅरिस्टर दावर! हेच ते, ११ वर्षांनी खुर्चीत बसले आणि त्याच टिळकांचा जामीन त्यांनीच नाकारला, तेव्हा टिळकांच्या बाजूने जिना उभे होते. कोर्टात असे फासे फिरलेले मी पण पाहिलेत, पण एवढे नाही.

आता तय्यबजींच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जज्ज होऊन दोनच वर्षं झालेली, मुंबई हायकोर्टातले पहिले मुसलमान जज्ज, आणि त्याआधी १८८७ ला मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झालेले, म्हणजे सरकारची नजर आधीच वाकडी असणार. शिवाय टिळकांचं आणि त्यांचं राजकारण जमणारं नव्हतं, तय्यबजी पक्के मवाळ. नाही म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं, आधी दोघा जज्जांनी नाकारलेलाच होता, त्याच कागदाखाली सही करून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. माणूस तारखेला हजर राहणार का, आणि त्याला बचावाची तयारी करता येणार का, हे बघायचं असतं जामिनाला. आरोपी आवडतो की नाही हे नाही. टिळक बाहेर आले, सप्टेंबरात खटला उभा राहीपर्यंत महिनाभर वकिलांबरोबर बसता आलं. पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅचीने राजद्रोहाच्या कलमातल्या शब्दाचा ‘सरकारवर प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती’ असा अर्थ लावला, ज्युरीत सहा गोरे विरुद्ध तीन देशी, आणि दीड वर्षाची शिक्षा झाली ती झालीच. पण तो महिना टिळकांचा हक्काचा होता.

तय्यबजींचं बाकी चरित्र पण मोठं आहे, १८६७ ला मुंबईत बॅरिस्टरी सुरू करणारे पहिले देशी, भावाबरोबर १८७४ ला अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था काढली, मुलींनी शिकावं, पडदा जावा म्हणून आपल्याच लोकांशी भांडले, १९०२ ला मुंबईचे हंगामी चीफ जस्टिस झाले (भारतीय माणूस त्या खुर्चीत पहिल्यांदाच), १९०६ ला लंडनला वारले. आणि आपल्या कोकणाशी पण नातं आहे बरं का, अलिबागजवळ किहीमला तय्यबजी घराण्याचा मुक्काम असायचा. पक्षीवाले सलीम अली किहीमला सुगरणीची घरटी बघत बसायचे ना, त्यांना लहानपणापासून वाढवलं ते अमीरुद्दीन तय्यबजी मामांनी.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या नोकरीत एक खलाशी पोरगा आला होता, नेपाळचा, ट्रॉलरवर काम करणारा, दारू पिऊन मारामारी, बाकी काही नाही. जामीन पहिल्याच तारखेला झाला. पण जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, ऐपतीचा दाखला पाहिजे, आणि तो पण याच जिल्ह्यातला पाहिजे. इथे त्याचं कोण? ट्रॉलरचा नाखवा मासेमारीच्या गडबडीत, फोन उचलेना. पोरगा जामीन होऊन पण जवळजवळ दोन महिने आत. मी रोजनाम्यात लिहीत होतो, ‘जामीनदार हजर नाही’, ‘जामीनदार हजर नाही’. तेव्हा मला माहीत होतं की १९७८ ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या केसमध्ये अगदी हेच सांगून ठेवलंय, जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारू नका, गरिबाला झेपणार नाही अशी रक्कम लावू नका. माहीत असून मी साहेबांपुढे बोललो नाही. कारकुनाने बोलायचं नसतं, असं तेव्हा वाटायचं.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वर्षी पुण्यतिथीच्या पानानंतर तीनच दिवसांनी ४ ऑगस्ट येतो, त्या दिवशी तय्यबजींवर एक चौकट तरी छापा. फोटो मिळत नसेल तर नुसतं नाव छापलंत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कारकून, रत्नागिरी