एकदा आवळायचं, रोज उलगडायचं

खानापूर, जि. बेळगाव
आषाढ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. घरची ख्यालीखुशाली शेवटी लिहितो. आधी तुझा प्रश्न, कारण तो वाचल्यापासून डोक्यातून जाईना झालाय. भजनाच्या वह्या, जुने अंक, गावोगावच्या सप्ताहांच्या पत्रिका असं जे आम्ही वाचनालयात टाइप करून साठवतोय, ते मी झेडस्टँडर्ड नावाच्या पद्धतीनं कॉम्प्रेस करतो, म्हणजे आवळून लहान करतो, हे तुला कळलं आणि तू लिहिलंस, ‘त्यापेक्षा एक्सझेड पद्धत वापर की, फाईल आणखी बारीक होईल.’ होईल, त्यात वाद नाही. तरी मी ते वापरणार नाही, आणि का ते तुला सविस्तर सांगायचंय.

फाईल कॉम्प्रेस करणारा मी एकटा. तेही एकदाच, रात्री मशीन चालू ठेवून, कुणी ताटकळत नसताना. उलगडणारी, म्हणजे आवळलेलं पुन्हा मोकळं करून वाचणारी माणसं मात्र रोजची. शाळा सुटली की पोरं येतात, दिवेलागणीला भजनी मंडळातली मंडळी येतात, आणि प्रत्येक क्लिकमागे ते पान नव्यानं उलगडलं जातं. मशीनं कशी आहेत तुला माहीतच आहे. कुणाकुणाच्या ऑफिसातून उतरलेली, दोन जीबी रॅम, हार्डडिस्क म्हातारी. त्यात पाऊस लागला की करंट जातो आणि सगळा भार यूपीएसवर येतो. तिथं प्रोसेसरनं केलेलं प्रत्येक जादा काम बॅटरीतून वसूल होतं. म्हणून फाईल किती लहान झाली हा माझ्या लेखी दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, माणसानं क्लिक केल्यापासून अक्षरं डोळ्यांपुढं यायला किती वेळ गेला.

आधीच्या व्यवस्थेत सगळा संग्रह एका भल्यामोठ्या एक्सझेड फाईलमध्ये बंद होता. मधलं एखादं पान हवं असलं तरी सुरुवातीपासून उलगडत यावं लागायचं. मंडळातले एक आजोबा पडद्याकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, “काय गा, उघडंना झालंय की हे.” थोडा वेळ थांबायचे, मग छत्री घेऊन निघायचे. त्यांना हवा असलेला अभंग त्या फाईलमध्ये होता, अगदी सहीसलामत होता, आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. मला हे फार लागतं.

एक्सझेडच्या पोटात जी एलझेडएमए पद्धत आहे ती जवळपास बिटागणिक, म्हणजे प्रत्येक ०-१ मागं, अंदाज बांधत जाते. आधीचा बिट काय निघाला हे कळल्याशिवाय पुढच्याचा निर्णय होत नाही, त्यामुळे प्रोसेसर कितीही धडधाकट असला तरी त्याला पावलापावलाला थांबावं लागतं. बीझिप२ ही आणखी एक पद्धत, ती तर उलगडतानाही बराच घाम गाळते. पीएक्यू घराण्यातल्या पद्धतींमध्ये उलगडणाऱ्याला आवळणाऱ्याचं सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा करावं लागतं. म्हणजे माझा एका रात्रीचा कष्ट प्रत्येक वाचणाऱ्याच्या माथी.

याच्या उलट टोकाला एलझेड४ आहे. यान कोलेत या फ्रेंच माणसानं ते २०११ मध्ये लोकांसमोर आणलं. मूळ कल्पना जुनीच. १९७७ मध्ये इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या याकोव झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी दाखवून दिलं, की एखादा तुकडा पुन्हा आला तर तो परत लिहू नका, ‘इतकं मागं जा, इतकं उचल’ एवढंच लिहा. पुढं फिल कॅट्झनं त्यावर हफमनच्या १९५२ च्या संकेतांची (वरचेवर येणाऱ्याला कमी बिट, क्वचित येणाऱ्याला जास्त) जोड दिली आणि झिप, जीझिप, पीएनजी या सगळ्यांत चालणारं डिफ्लेट तयार झालं. कोलेतनं ती जोड काढूनच टाकली. बिटांची मोडतोड नाही, संकेतांची कोष्टकं नाहीत, सगळा व्यवहार पूर्ण बाइटमध्ये, म्हणजे आठ-आठ बिटांच्या गठ्ठ्यांत.

प्रत्यक्ष बघ. भजनाच्या वहीत ‘हरी हरी हरी हरी हरी’ अशी ओळ आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या नेहमीच्या रीतीत, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. ह, र आणि दीर्घ वेलांटी मिळून ९, वर एक मोकळी जागा. पाच वेळा हरी म्हटलं की ४९ बाइट. एलझेड४ सुरुवातीला एक टोकन लिहितं. त्या एका बाइटच्या वरच्या अर्ध्यात ‘पुढचे १० बाइट जसेच्या तसे घे’ आणि खालच्या अर्ध्यात ‘त्यानंतर नक्कल कर’. खालच्या अर्ध्यात १५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणून जास्तीची लांबी अंतराच्या मागोमाग आणखी एका बाइटमध्ये. मग १० बाइट, म्हणजे पहिला हरी आणि मोकळी जागा. मग दोन बाइटमध्ये अंतर: १० मागं जा. तिथून ३४ बाइट उचल.

आता मागं आहेत १०च बाइट, मग ३४ कुठून उचलणार? इथंच मला दरवेळी आनंद होतो. उलगडणारा पहिला बाइट उचलून पुढं ठेवतो, मग दुसरा, आणि दहा संपेपर्यंत त्याच्यामागं त्यानंच नुकतं लिहिलेलं तयार असतं. तो स्वतःच्याच लिखाणातून पुढचं वाचत जातो, टाळकऱ्यानं धरलेली ओळ पुढं चालत राहावी तसा. शेवटचे ५ बाइट नियमानं जसेच्या तसे लिहावे लागतात, त्यांना आणखी एक टोकन. फाईलीच्या सुरुवातीची ठरावीक माहिती, म्हणजे हेडर, सोडून एकूण २० बाइट. त्या शेवटच्या पाचात र चे दोनच बाइट येतात, पहिला नकलेत गेलेला असतो. अक्षर मधूनच तुटतं, आणि उलगडल्यावर जिथल्या तिथं जोडलं जातं.

शेवटचे पाच बाइट का राखून ठेवायचे, याचं उत्तरही वेगातच आहे. उलगडणारा एकेक बाइट मोजून उचलत बसत नाही. अंतर पुरेसं असलं की आठ-आठ, सोळा-सोळा बाइटचा घास घेतो. गरजेपेक्षा चार बाइट जास्त लिहिले गेले तर जाऊ देत, पुढच्या नकलेत त्यांच्यावर बरोबर बाइट येऊन बसतातच. फक्त ब्लॉकच्या, म्हणजे एकत्र आवळलेल्या तुकड्याच्या, शेवटाशी जपायचं. अंतर दोन बाइटमध्ये लिहायचं असल्यानं ६५,५३५ च्या पलीकडं मागं जाताच येत नाही, आणि तेवढा मजकूर प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या चपळ मेमरीत, राहतो. आजच्या चांगल्या मशीनवर एका कोअरवर सेकंदाला काही गिगाबाइट उलगडतात ते यामुळे. डिफ्लेट तिथंच तीन-चारशे मेगाबाइटवर घुटमळतं.

आमच्या हार्डडिस्कचा हिशोब घाल. ती सेकंदाला शंभरेक मेगाबाइट देते असं धर. मजकूर तिपटीनं आवळलेला असेल आणि उलगडणारा डिस्कपेक्षा चपळ असेल, तर त्याच सेकंदात तीनशे मेगाबाइटचा मजकूर हाती येतो. न आवळलेली फाईल वाचण्यापेक्षा आवळलेली वाचणं लवकर होतं! उलगडणारा मंद असेल तर मात्र डिस्क दारात उभी आणि प्रोसेसर आत धापा टाकतोय. ‘डिस्क स्वस्त झाली, कॉम्प्रेस कशाला करायचं’ असं तू मागं म्हणाला होतास, त्याचंही उत्तर यात आलं.

मग सगळं एलझेड४ मध्येच का ठेवत नाही? कारण आपली लिपी. क चे तीन बाइट आहेत २२४, १६४, १४९. देवनागरीचं कुठलंही अक्षर किंवा मात्रा घे, पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे मराठी मजकुरातले दोन तृतीयांश बाइट जवळपास ठरलेलेच. हफमनच्या रीतीनं असे नेहमीचे बाइट दोन-तीन बिटांत भागतात. एलझेड४ कडं ती सोयच नाही. त्याला किमान ४ बाइटचा सलग तुकडा जुळावा लागतो, आणि जुळला नाही की २२४ पुन्हा पुन्हा पूर्ण लिहीत बसतं. इंग्रजी मजकुरापेक्षा इथं त्याची उणीव जास्त जाणवते.

ओघात आलंच आहे म्हणून सांगतो. कानडी क चे बाइट आहेत २२४, १७८, १४९. मधला तेवढा वेगळा, बाकीचे दोन तेच! आपल्याकडच्या लिप्यांची युनिकोडमधली मांडणी इस्की या भारतीय मानकाच्या धर्तीवर समांतर ठेवली गेली, त्याचा हा परिणाम. आमच्या सूचीत एकाच गावाचं नाव मराठीत आणि कानडीत शेजारी शेजारी असतं. बाइट उघडून बघितले की दोन्ही ओळी एकाच ठेक्यात चाललेल्या दिसतात. इथं राहून दोन्ही लिप्यांच्या पाट्या वाचत मोठं झालेल्या माझ्यासारख्याला ते बघून किती बरं वाटलं, ते तुला वेगळं सांगायला नको.

तर पानांसाठी मी झेडस्टँडर्ड धरलं. तेही कोलेतचंच, २०१६ मध्ये तो फेसबुकमध्ये असताना त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. मागं जाऊन उचलणं तेच, पण उरलेल्या बाइटांवर हफमन चालवतात, आणि अंतर-लांबीच्या आकड्यांवर यारेक दुदा या पोलिश गणितज्ञाच्या एएनएस पद्धतीतून आलेले संकेत. उलगडण्याचा वेग एलझेड४ इतका नाही, पण डिफ्लेटच्या कितीतरी पुढं. सिलेसिया नावाचा जो चाचणीसंग्रह सगळे वापरतात, त्यावर एलझेड४ सुमारे २.१ पट आवळतं आणि झेडस्टँडर्ड पहिल्याच पातळीला २.९ च्या आसपास जातं.

आणि खरी गंमत पातळ्यांची, म्हणजे किती कसून आवळायचं त्याची. पहिल्या पातळीवर ते झटकन आवळतं, एकोणिसाव्या पातळीवर तासन् तास शोधत बसतं, कुठला तुकडा कुठून उचलला तर सगळ्यात कमी जागा लागेल म्हणून. पण उलगडायचा वेग दोन्हीकडं साधारण तोच! एलझेड४ च्या एचसी या जास्त कसून आवळणाऱ्या प्रकारातही तसंच. शोधण्याचा सगळा त्रास आवळणाऱ्यानं काढायचा, वाचणाऱ्याला त्याची झळ नाही. मी एकोणीस लावून झोपतो. आर्च या लिनक्सच्या प्रकारवाल्यांनी २०१९ च्या शेवटी आपली पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांच्या फाईली, एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर आणली, तेव्हा त्यांनीच जाहीर केलेले आकडे बघ: एकूण आकार सुमारे ०.८ टक्क्यानं वाढला आणि उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी. किविक्सवर आपण ऑफलाईन विकिपीडिया वाचतो, त्या फाईलींचाही प्रवास एक्सझेडकडून झेडस्टँडर्डकडंच झाला.

बाकी रचना थोडक्यात. संग्रह एकसंध ठेवला नाही, छोट्या छोट्या ब्लॉकमध्ये कापलाय आणि कुठलं पान कुठल्या ब्लॉकमध्ये याची सूची वेगळी. पान मागितलं की तेवढाच ब्लॉक उलगडतो. ब्लॉक लहान केला की एक तोटा असतो, मागं जाऊन उचलायला मागं काही नसतंच. त्यावर झेडस्टँडर्डमध्ये डिक्शनरीची तोड आहे. आपल्याच मजकुराचे नमुने देऊन ती तयार करून घेतली, शंभरेक केबीची. ‘हरिनाम सप्ताह’, ‘समस्त ग्रामस्थ’, ‘तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव’ असे वरचेवर येणारे तुकडे तिच्यात आधीच असतात, त्यामुळे चार ओळींची पत्रिकासुद्धा पहिल्या शब्दापासून आवळली जाते. मात्र ती डिक्शनरी हरवली तर तिच्यावर आवळलेलं काहीच उघडणार नाही. म्हणून ती प्रत्येक प्रतीसोबत ठेवलीय, शिवाय वाचनालयाच्या कपाटात पेन ड्राईव्हवर आणि एक माझ्या घरी. एलझेड४ ला मी रॅमवर नेमलंय. झेडरॅम नावाची लिनक्समधली सोय रॅममधली बाजूला पडलेली पानं रॅममध्येच आवळून ठेवते, डिस्कवर टाकत नाही. तिथं वेगच लागतो, आकाराचं फारसं अडत नाही. दोन जीबीची मशीनं त्यावर बऱ्यापैकी तग धरतात.

स्कॅन केलेले फोटो यातून वगळलेत. जेपेग आधीच आवळलेलं असतं, पुन्हा आवळून हाती काही लागत नाही. पण वह्यांच्या ज्या पानांवर आकडे आहेत, वर्गणीच्या याद्या, जमिनीच्या मोजण्या, ती मी पीएनजीतच ठेवतो, त्यात आवळताना काही गमावत नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकानं दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर मशीनं सहाच्या जागी आठ छापत होती. जागा वाचवण्यासाठी ती सारखे दिसणारे आकडे एकच समजायची. पान स्वच्छ, सुबक, आणि चूक. आपल्याकडं सर्व्हे नंबरातला एक आकडा फिरला तर काय होतं ते तुझ्या वडिलांना विचार. एकही बाइट न गमावता परत मिळणं ही पहिली अट, वेग आणि आकार त्यानंतर. प्रत्येक ब्लॉकसोबत चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ठेवतो, म्हणजे डिस्क कुठं कुजली तर पान चुकीचं दिसण्याऐवजी तक्रार येते.

आता तुझ्याकडून एक हवंय. तुझ्या आजोबांच्या ज्या भारुडाच्या वह्या तू पुण्यात टाइप करून ठेवल्यास, त्या मला साध्या टेक्स्टमध्ये पाठव, तू काहीही कॉम्प्रेस करू नकोस. युनिकोडमध्येच असू देत, जुन्या फॉन्टमध्ये नको. डिक्शनरी नव्यानं तयार करायचीच आहे, त्या नमुन्यांत भारुडं असली तर तिला त्यांचीही ओळख होईल. गणपतीला येशीलच, तेव्हा डिस्क सोबत आणलीस तरी चालेल.

घरी सगळे बरे आहेत. जांबोटीकडं पाऊस जोरात आहे, आमच्याकडं रोप लागवड निम्मी उरकलीय. आईचे गुडघे दुखतात, पण शेतावर गेल्याशिवाय तिला करमत नाही. काका-काकूंना माझा नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांना आठवण. येताना पुण्याहून काही आणू नकोस, जाताना कुंदा मी बांधून देतो.

तुझा,
खानापूरचा दोस्त