रोज सकाळी ‘मायनस ८१’ कळवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

काल आण्णा आजारपणानंतर पहिल्यांदा एकटे मंडईत जाऊन भाजी घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, “त्या लॅबमधल्या ताईंना पत्र लिहिलंस का?” नव्हतं लिहिलं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले. आज लिहितेच.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. आण्णांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे, त्यांच्याच रक्तातल्या स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून, साठवून परत द्यायच्या, इथवर आम्हाला समजलं होतं. तिथे एस्टिमेटचा कागद पुढे सरकवला. यात काही कमी होईल का, असं विचारलं, तर उत्तर आलं, “आमच्याकडे ठरावीक वेगाने गोठवणारं मशीन आहे, मायनस १९६ची नायट्रोजनची टाकी आहे. स्वस्तात करणारे आहेत, तिकडे जा. पेशी मेल्या तर आमच्याकडे येऊ नका.” हे पेशंटच्या तोंडावर! एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी करून कुणाचे सुटे चार आणे न ठेवलेला माझा बाप त्या दिवशी मान खाली घालून जिना उतरला. ते वाक्य त्यांच्या मनात रुतलं ते रुतलंच.

तुमच्या डॉक्टरांनी तर गोठवायचंच नाही असं ठरवलं होतं. मायलोमात पेशी परत देण्याआधी मेलफालान या केमोच्या औषधाचा जोरकस डोस द्यायचा असतो, तो एकाच दिवसात उरकतो, तेवढे दोन-तीन दिवस पेशी ४ अंशांच्या फ्रीजमध्ये चांगल्या राहतात. पण पेशी काढल्या त्याच रात्री आण्णांना ताप भरला आणि सगळंच पुढे गेलं. ४ अंशांवर पेशी तितके दिवस थांबणार नव्हत्या. त्या मायनस ८०च्या फ्रीझरमध्ये जाणार हे कळलं तसा आण्णांचा धीर सुटला. कॉरिडॉरमध्ये तुम्हाला गाठून ते म्हणाले, “ताई, हा फ्रीझर साधाच ना? बंद पडला तर?”

तुम्ही बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसलात. टोमॅटो घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढला की लिबलिबीत का होतो, तिथून सुरुवात केलीत. आतल्या पाण्याचे काटे होतात आणि तेच पेशी फाडतात. म्हणून गोठवताना डीएमएसओ नावाचं द्रव्य घालतात, ते पेशीच्या आत शिरून सांभाळतं आणि स्टार्च बाहेरून. दोन्ही मिळून असले की डीएमएसओ १० टक्क्यांऐवजी ५ टक्केच पुरतं, आणि पिशवी नुसती त्या फ्रीझरमध्ये ठेवली तरी पुरेशी सावकाश गार होते. पॅट्रिक स्टिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘ब्लड’ नियतकालिकात हे छापलंय, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. म्हणजे ज्याला ‘स्वस्तातलं’ म्हणून आम्हाला हिणवलं, ते इतकी वर्षं पेशंट बरे करत आलंय. याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पण आण्णांना धीर आला तो तुमच्या शेवटच्या वाक्याने. “काका, मी रोज सकाळी तुम्हाला फ्रीझरचा आकडा कळवीन.” मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला मेसेज आला. “काका, मायनस ८१.” मग रोज. रविवारीसुद्धा. आण्णा फाइलच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख आणि आकडा लिहायचे, वेबिल भरावं तसा नेटका रकाना आखून. वळवाच्या पावसात लाइट गेली त्या सकाळी तुमचा मेसेज नेहमीपेक्षा मोठा होता. “रात्री लाइट गेली होती. जनरेटरवर फ्रीझर नीट चालू झाला ते बघूनच घरी गेले. मायनस ७९. काळजी नको.” आण्णांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

असे १९ आकडे आहेत त्या कागदावर. विसाव्या दिवशी तुम्ही लिहिलंत, “आज आकडा नाही काका. तुमच्या पिशव्या घेऊन वर येतेय.” त्या दिवशी खोलीभर डीएमएसओचा लसणासारखा वास होता आणि आण्णा हसत होते. पेशी दिल्यापासून बाराव्या दिवशी रक्तातल्या पेशींचे काउंट वर आले.

मशीन कुणीही विकत घेईल. पण घाबरलेल्या म्हाताऱ्याला रोज एक खरा आकडा कळवायचा, हे कुठल्या पगारात बसतं? अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची घरं उभी आहेत, ताई.

आण्णांचा निरोप आहे, जानेवारीत हुरड्याला मुलांना घेऊन या. शेंगदाण्याची चटणी आई करणार आहे. बार्शी स्टँडवर उतरलात की फोन करा, आण्णा स्वतः न्यायला येतील.

तुमची,
आण्णांची थोरली