बाई, तुमचा गडी निष्काळजी नव्हता

बाई, सलाम.

तुमच्या ख्रिस्ती आळीत सगळे एकमेकांना असंच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. तुम्ही गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण घरच्या पत्त्यावर टाकायची वेळ मी घालवली.

1986 चा मार्च. आम्ही बीडकडचे, श्रीरामपूरच्या पट्ट्यात ऊसतोडीला आलेलो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाच्या गाडीखाली बापाचा पाय सापडला आणि आमचा अर्धाच कोयता उरला. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत गावी परतायची सोय नव्हती. कोपीतलं, म्हणजे आमच्या झोपडीतलं, पीठ संपलं, तेव्हा आई मला आणि बहिणीला घेऊन तुमच्या बांधावर येऊन उभी राहिली. गव्हाची सोंगणी नुकती उरकली होती, मागे राहिलेल्या ओंब्यांचा सरवा रानात होता.

"सरवा वेचू का?" तिनं विचारलं.

"त्यात विचारायचं काय?" एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवलीत आणि घरात गेलात. मी आठ वर्षांचा होतो. मला वाटलं, बाई रागावल्या.

रानात पाहिलं तर ओंब्या एकेक सांडलेल्या नव्हत्या, मुठी-मुठीनं पडल्या होत्या. बांधाकडचे दोन वाफे तर कापायचेच राहिले होते. आई म्हणाली, "गडी लई निष्काळजी दिसतोय. मालकिणीचं नुकसान करतोय मेला." तिला इतकी हळहळ वाटली, की तुम्हाला जाऊन सांगावं की काय, असं तिच्या मनात आलं. पोटानं तिला गप्प बसवलं. तीन दिवस वेचलं, बडवलं, सुपात पाखडलं. पाच पायल्या गहू झाला.

पुढे नगरला कॉलेजात असताना खोलीवरच्या दोस्ताचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, चाळत होतो. रूथची गोष्ट चारच अध्यायांची, म्हणून ती वाचायला घेतली. मवाबातून बेथलेहेमात आलेली परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून तिच्यासाठी मुद्दाम थोडं काढून टाका, तिला दटावू नका. वाचता वाचता मी उठून बसलो. तुमचा गडी निष्काळजी नव्हता, बाई! (रूथनं एका दिवसात तिकडच्या मापानं एफाभर सातू जमवले. आम्हाला पाच पायल्यांना तीन दिवस लागले, पण तिच्या मागे दोन पोरं नव्हती.)

मग त्याच शास्त्रात लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय सापडला. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत सगळं कापू नका, सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. आम्ही दोन्ही होतो. म्हणजे शेत तुमचं, पण कोपरा तुमचा नाही, असा तो हिशेब. तुम्ही पाठ का फिरवलीत, ते तेव्हा मला उमगलं. तुमच्या लेखी तुम्ही काही देतच नव्हतात, मग उभं राहून बघणार तरी काय?

त्याच थंडीत कुणीतरी कोपीवर चादरी वाटायला आले होते. पोरांना रांगेत उभं केलं, फोटो काढला. माझे डोळे मिटले म्हणून परत काढला. चादर ऊबदार होती, खोटं कशाला बोलू. पण त्या फोटोची आठवण आली की अजून मान खाली जाते. तुमच्या गव्हाची आली की जात नाही.

कोपीवरच्या बायकांनी आईला घाबरवलं होतं, की बाई तुला बाटवतील. आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती, ती शेवटपर्यंत राहिली. तुम्ही तिला देवळात या म्हणाला नाहीत की चर्चमध्ये या म्हणाला नाहीत. एकदाच, बापाच्या पायाला हळद-तेल देताना, तुम्ही तुमच्या आईचं सांगितलंत. 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींत ती होती, सात वर्षांची. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. "तिलाबी कुणीतरी वेचलंच होतं," म्हणालात आणि बाटलीचं बूच लावलंत.

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही परत तोडीला आलो, तेव्हा आईनं गावाकडची पायलीभर बाजरी तुमच्यापुढं ठेवली. मला धास्ती होती, तुम्ही नको म्हणाल. तुम्ही पदर पुढं केलात. त्या रविवारी तुमच्या चर्चच्या मंडळीत कापणीचा सण होता. कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणी ऊस आणून वेदीपुढं ठेवला. त्यात ती बाजरीही होती. अर्पण कुणाचं म्हणून विचारलं, तर तुम्ही सांगितलं, "कोपीवरच्या बाईचं." उपासनेनंतर लिलाव झाला. एक मास्तर हटून बसले होते, तरी तुम्ही बोली चढवत नेलीत आणि ती बाजरी सोडवून घरी आणलीत. हे सगळं तुमच्या शेजारणीनं आईला सांगितलं. आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही, नुसती हसायची.

भाकरी कशी झाली होती, एवढं विचारायचं राहून गेलं.

तुमच्या बांधावरचा,
एक पोरगा