मास्क तिसऱ्या भागात आहे हो!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला स्लॅशर पिक्चरवरचा (म्हणजे एकेकाला गाठून खून पाडणाऱ्या खुन्याच्या पिक्चरवरचा) लेख वाचला, आवडलापण, फक्त 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या पहिल्या भागात या मालिकेतला प्रसिद्ध खुनी जेसन हॉकीचा मास्क घालून कॅम्पमधल्या पोरांना मारतो असं जे छापलंय ते साफ चूक आहे. पहिला भाग 1980 चा, त्यात मास्कच नाही. 1981 च्या दुसऱ्या भागात तो डोक्यावर कापडी पिशवी घालून फिरतो आणि मास्क येतो थेट 1982 ला, तिसऱ्यात. आणि पहिल्यात खून करणारा जेसन नाहीच, त्याची आई आहे. (सस्पेन्स फोडला म्हणून ओरडू नका, 45 वर्षं झाली, आणि जीन सिस्केल या अमेरिकन समीक्षकाने तर पिक्चर लागला तेव्हाच परीक्षणात मुद्दाम फोडला होता.)

तर या निमित्ताने पहिला भाग परत बघितला. कॉलेजात असताना व्हीसीआर भाड्याने आणून रात्रीत तीन पिक्चर हाणायचो, त्यातला हा शेवटचा, कॅसेट इतकी घासलेली की कोण कोणाला मारतंय तेच कळेना. आता प्रिंट स्वच्छ आहे तरी अर्धा पिक्चर अंधारच. साडेपाच लाख डॉलरच्या आसपास बजेट, न्यू जर्सीतल्या खऱ्याखुऱ्या स्काउट कॅम्पवर शूटिंग, पण त्यामुळेच ती लाकडी केबिन आणि ते तळं सेट वाटत नाही.

केव्हिन बेकन या नटाचा तो खाटेखालून गळ्यात बाण घुसतो तो सीन तर मी चार वेळा मागे घेऊन पाहिला. बिचारा खाटेखाली जमिनीवर गुडघे टेकून बसलाय, डोकं तेवढं गादीतल्या भोकातून वर आणि गळा-छाती खोटी, आणि ऐन वेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली तर मेकअप-इफेक्ट करणाऱ्या टॉम सविनीच्या असिस्टंटने ती तोंडात धरून फुंकली, म्हणून ते रक्त असं बुडबुडत येतं. आजच्या कॉम्प्युटरच्या रक्ताला ती मजा नाही.

मात्र चीटिंग आहे. मध्ये मध्ये खुन्याचे हात दिसतात ते चक्क पुरुषाचे आहेत, आणि आईबाई पडद्यावर येतात शेवटी शेवटी, मग ओळखायचं कसं? पण हॅरी मॅनफ्रेडिनीने संगीतात इमान राखलंय, खुनी जवळ असेल तरच ते वाजतं, आणि ती कुजबुज आपण जन्मभर 'ची ची ची' ऐकत आलो ती खरं 'की की की, मा मा मा' आहे, म्हणजे इंग्रजी 'किल हर, मॉमी', 'मार तिला, आई'. इतके हिंदी पिक्चर बघूनपण 'मा' कळलं नाही, कमाल आहे आपली.

आईचं काम करणाऱ्या बेट्सी पामरला नवीन गाडी घ्यायची होती म्हणून तिने हा रोल घेतला म्हणे. पण बुडून मेला असं तिला वाटतं त्या जेसनच्या आवाजात ती स्वतःलाच आईऽऽ करते ना, तेव्हा आजही मी आवाज कमी केला.

पिक्चरमध्ये एक साप मारतात, तो मात्र खरा मारलाय कॅमेऱ्यासमोर. ते तेव्हा कळलं नव्हतं, आता बघवलं नाही.

असो. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापा प्लीज, भाच्याशी 500 रुपयांची पैज लागलीय आणि तो तुमचंच कात्रण नाचवतोय.

– एक जुना वाचक, डोंबिवली